वॉशिंग मशीनच्या पाण्याच्या पातळीचा सेन्सर: दोष शोधण्याची घरगुती पद्धत

वॉशिंग मशीनच्या पडद्यावर पाण्याच्या पातळीचा दोष सांगणारा कोड दिसला की घरातून पहिला प्रश्न येतो तो "नवा सेन्सर कितीला मिळतो?" हा. नाशिकमध्ये घरगुती यंत्रांची दुरुस्ती करताना गेल्या अठरा वर्षांत मला जे दिसले आहे, त्यावरून मी एवढे खात्रीने सांगू शकतो की या कोडमागे खरोखर सेन्सर बिघडलेला असण्याची उदाहरणे थोडी आहेत. सेन्सरपर्यंत जाणारी हवेची वाट तुंबलेली, फुटलेली किंवा सुटलेली असण्याची उदाहरणे मात्र पुष्कळ आहेत. ही वाट साफ करायला खर्च जवळजवळ शून्य येतो, सेन्सरला काहीशे रुपये लागतात आणि यंत्र चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला काही हजार. तरीही तपासणीची सुरुवात बोर्डापासून करून ग्राहकाला मोठ्या खर्चात पाडले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून या लेखात तपासणीचा क्रम पाणी आणि हवेपासून सुरू होऊन वायर आणि बोर्डापर्यंत जातो, आणि तो क्रम मोडू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सेन्सर पाणी कसे मोजतो

या सेन्सरला पाण्याचा स्पर्श कधीच होत नाही, आणि तो होता कामा नये. बाहेरच्या टबच्या तळाशी एका बाजूला प्लास्टिकचा छोटा कप्पा असतो; कारागीर त्याला एअर ट्रॅप किंवा एअर चेंबर म्हणतात. हा कप्पा खालून टबला उघडा असतो आणि त्याच्या वरच्या तोंडाला बोटापेक्षा बारीक अशी रबरी किंवा प्लास्टिकची नळी बसवलेली असते. ही नळी टबच्या कडेने वर जाऊन पॅनेलच्या किंवा वरच्या झाकणाच्या खाली बसवलेल्या गोल, डबीसारख्या सेन्सरला जोडलेली असते. टबमध्ये पाणी चढू लागले की कप्प्यातली हवा कोंडली जाते, तिचा दाब वाढतो आणि तो दाब नळीतून सेन्सरच्या आतल्या पातळ पडद्यावर पडतो. दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब साधारण एक किलोपास्कल, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा असतो. इतका सूक्ष्म फरक ओळखून यंत्र पाणी थांबवते. त्यामुळे नळीला पडलेले सुईएवढे छिद्रसुद्धा सगळा हिशेब बिघडवू शकते.

जुन्या यंत्रांत हा पडदा सरळ विजेचे संपर्क उघडतो आणि मिटवतो. त्याला प्रेशर स्विच म्हणतात आणि दाब बदलताच त्यातून "टक्" असा आवाज येतो. आजच्या बहुतेक पूर्ण स्वयंचलित यंत्रांत पडद्याला जोडलेला फेराइटचा (चुंबकीय पदार्थाचा) तुकडा एका कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, सरकतो. त्यामुळे तयार होणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते आणि बोर्ड ती मोजतो. रिकाम्या टबला ती अनेक यंत्रांत २५ ते २६ किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि पाणी वाढेल तशी घटत जाते. अशा सेन्सरमधून टक् आवाज येत नाही, म्हणून आवाज आला नाही एवढ्यावरून त्याला मृत ठरवू नये.

पडद्याची दुसरी बाजू डबीवरच्या एका बारीक छिद्रातून बाहेरच्या हवेला उघडी असते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि मुंबई किनाऱ्यावर, तरी तोच सेन्सर दोन्हीकडे बरोबर मोजतो तो या छिद्रामुळे, कारण तो बाहेरच्या हवेच्या तुलनेतला दाब पाहतो. झुरळे आत शिरू नयेत म्हणून काही जण या डबीवर सिलिकॉन फासतात किंवा चिकटपट्टी गुंडाळतात, आणि त्यात हे छिद्र बुजते. असा सेन्सर मी दोनदा नुसती पट्टी सोलून दुरुस्त केला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

यंत्र वॉरंटीत असेल तर झाकण उघडू नये. कंपनीच्या सेवा केंद्राला कळवावे. वॉरंटी संपली असेल तर आधी नळ बंद करावा, मग प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण वायरिंग करताना कधी कधी न्यूट्रलच्या वायरवर बटण बसवलेले असते आणि बटण बंद असूनही यंत्रात २३० व्होल्ट येत राहतात. प्लग काढल्यावर दहा मिनिटे थांबावे, म्हणजे बोर्डावरच्या कपॅसिटरमधला विजेचा साठा उतरतो. या दहा मिनिटांचा आणखी एक फायदा असा की विजेच्या चढउतारामुळे बोर्ड गोंधळला असेल तर तो पुन्हा सुरू केल्यावर ताळ्यावर येतो. त्यानंतर कोड परत आला नाही तर तिथेच थांबावे.

साधनांत फुलीचा स्क्रूड्रायव्हर, बारीक पक्कड, औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज, साधारण मीटरभर पारदर्शक नळी, एक बादली, टॉर्च आणि कोरडे फडके एवढे पुरते. मल्टिमीटर असेल तर उत्तम. काही उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, विशेषतः नळी कोणत्या मार्गाने जाते आणि कोणत्या क्लिपमध्ये अडकवली आहे याचे.

पाणी खरोखर कुठे आहे

यंत्राला वाटणारे पाणी आणि डोळ्यांना दिसणारे पाणी यांची तुलना करणे हा संपूर्ण तपासणीचा कणा आहे. कोड काय म्हणतो हे नंतर पाहावे. एलजीच्या यंत्रांत 'पीई' हा प्रेशर सेन्सरचा, 'आयई' हा पाणी आत न येण्याचा, 'ओई' हा पाणी बाहेर न जाण्याचा आणि 'एफई' हा पाणी जास्त भरल्याचा कोड आहे. सॅमसंगच्या अनेक यंत्रांत पातळीच्या सेन्सरसाठी '१ई' किंवा '१सी', पाणी न येण्यासाठी '४ई' किंवा '४सी' आणि निचरा न होण्यासाठी '५ई' किंवा '५सी' येतो. इतर कंपन्यांचे कोड पुस्तिकेत पाहावेत. मात्र सेन्सर चुकीचे सांगत असेल तर यापैकी कोणताही कोड येऊ शकतो, कारण बोर्ड सेन्सरच्याच सांगण्यावर विसंबून असतो.

प्रथम पाणी येते का ते पाहावे. नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतल्या अनेक इमारतींत सर्वांत वरच्या मजल्याच्या घरात गच्चीवरची टाकी यंत्रापेक्षा फार उंच नसते, आणि टाकी अर्धी झाली की धार बारीक होते. नळाची यंत्राकडची नळी सोडून बादलीत पाणी घ्यावे. दहा लिटरची बादली भरायला चार-पाच मिनिटे लागत असतील तर दोष सेन्सरकडे शोधू नये. यंत्राच्या मागे नळी बसते तिथली बारीक जाळी काढून धुवावी. टँकरच्या किंवा नव्या बोअरवेलच्या पाण्याने ती गाळाने भरलेली असते.

मग पाणी नकळत निघून जाते का ते पाहावे, आणि आपल्याकडे ही चूक फार वेळा होते. ड्राय बाल्कनीत फ्रंट लोड यंत्र ठेवतात आणि निचऱ्याची नळी सरळ जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडतात. नळीचे तोंड टबच्या तळापेक्षा खाली गेले की सायफन होतो. एकीकडून पाणी भरते, दुसरीकडून वाहते, आणि यंत्र दमून कोड दाखवते. नळीचा वळणाचा भाग जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर, यंत्राच्या मागच्या क्लिपमध्ये अडकवलेला असावा आणि तिचे तोंड पाण्यात बुडालेले नसावे. टॉप लोड यंत्रांत प्रकार वेगळा असतो. तिथे अनेकदा पंप नसतो. तळाचा व्हॉल्व्ह ड्रेन मोटरने उघडतो आणि पाणी उताराने जाते, म्हणून नळी जमिनीवरच असते. या व्हॉल्व्हमध्ये शर्टाचे बटण, नाणे किंवा केसांचा पुंजका अडकला तर तो पूर्ण मिटत नाही. पाणी भरताना निचऱ्याच्या नळीच्या तोंडाशी हात धरून पाहावा. तिथे सतत धार लागत असेल तर दोष बहुधा सेन्सरचा नाही.

लक्षणावरून दोषाची जागा

वरच्या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर आता लक्षण बारकाईने पाहावे, कारण त्यातूनच कुठे हात घालायचा ते कळते.

टबमध्ये पाणी डोळ्यांना भरपूर दिसते आणि तरी यंत्र भरतच राहते, तेव्हा सेन्सरपर्यंत दाब पोहोचत नाही. नळी निघालेली, चिरलेली किंवा कप्पा खालून बुजलेला असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. टब कोरडा आहे आणि तरी यंत्र पाणी उपसण्याचा प्रयत्न करत राहते, पिळायला सुरुवात करत नाही, किंवा फ्रंट लोडचा दरवाजा उघडत नाही, तेव्हा जुना दाब नळीत कोंडून राहिलेला असतो. गळक्या नळीत दाब टिकूच शकत नाही, म्हणून हे लक्षण तुंबण्याचेच, किंवा क्वचित चिकटून बसलेल्या पडद्याचे. तिसरा प्रकार फसवा आहे: पाणी बरोबर पातळीला थांबते, धुणे सुरू होते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी यंत्र पुन्हा थोडे पाणी घेते, मग पुन्हा. निचऱ्याकडून गळती नसेल तर हे बहुधा सूक्ष्म छिद्राचे चिन्ह आहे. हवा हळूहळू निसटते आणि यंत्राला पाणी कमी झाल्यासारखे वाटते. पडताळा घेण्यासाठी पाणी थांबल्यावर यंत्र पॉजवर ठेवावे, टबच्या आत पातळीपाशी पेन्सिलने खूण करावी आणि अर्ध्या तासाने पाहावे. खूण आणि पाणी जुळते, तरी यंत्र सुरू करताच आणखी पाणी घेते, तर गळती हवेची आहे.

चालू करताच, पाण्याचा थेंबही आत येण्यापूर्वी कोड येत असेल तर दोष बहुधा विजेच्या बाजूला असतो. नळी मात्र तरीही आधी पाहावी.

नळी

टॉप लोड यंत्रात मागचे दोन किंवा तीन स्क्रू काढून पॅनेल वर उचलावे. फ्रंट लोडमध्ये वरच्या झाकणाचे मागचे स्क्रू काढून झाकण मागे सरकवून उचलावे. सेन्सर लगेच दिसतो: बारीक नळी आणि दोन-तीन वायरींचा प्लग असलेली डबी.

नळी सेन्सरपासून काढताना ओढू नये. तिची क्लिप पक्कडने दाबून मागे सरकवावी आणि नळी हळूहळू फिरवत सोडवावी, नाहीतर सेन्सरचे प्लास्टिकचे तोंड मोडते. आता नळीवरून टॉर्चच्या उजेडात बोट फिरवत तळापर्यंत जावे. पिळताना टब थरथरतो तेव्हा ती पत्र्याच्या कडेला घासते आणि त्या जागी चकाकणारा, चपटा डाग दिसतो. त्या डागाच्या मध्यात चीर असते. तळमजल्याच्या घरांत आणि रो हाउसमध्ये उंदरांचे दातही दिसतील, कारण पावसाळ्यात यंत्राच्या खालची ऊबदार जागा त्यांना आवडते. नळी कुठे मुडपली आहे का, आणि ती वर जाताना मध्येच खाली झुकून झोळी तयार झाली आहे का, हेही पाहावे. अशा झोळीत पाण्याचे चार थेंब साचले तरी ते बुचासारखे बसतात. नळी कप्प्यापासून सेन्सरपर्यंत सतत चढती असली पाहिजे.

टोक सैल झाले असेल तर ते एक सेंटिमीटर कापून पुन्हा बसवता येते, मात्र त्यामुळे नळी ताणली जाता कामा नये. चिरेवर चिकटपट्टी, एम-सील किंवा झटपट चिकटणारा गोंद लावून काम टिकत नाही. थरथरीने तो जोड पुन्हा सुटतो आणि तेव्हा दोष सापडायला अधिक कठीण जाते. त्याच आतल्या व्यासाची, जाड भिंतीची नवी नळी घ्यावी. मत्स्यटाकीची पातळ नळी स्वस्त मिळते, पण ती उन्हाळ्यात ढिली पडते आणि हिवाळ्यात कडक होते. मी ती वापरत नाही.

कप्पा धुणे

गेल्या डिसेंबरात, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्याच आठवड्यात, इंदिरानगरमधल्या एका काकूंनी मला बोलावले. त्यांच्या टॉप लोड यंत्रात पाणी काठापर्यंत चढत होते. आधी आलेल्या एका कारागिराने बोर्ड गेल्याचे सांगितले होते आणि काकू त्यासाठी पैसे बाजूला काढून बसल्या होत्या. मी नळी सेन्सरपासून सोडवली आणि तिच्यात हलकेच फुंकर मारली. टब रिकामा असताना ती फुंकर सहज आत जायला हवी होती. माझे गाल फुगले आणि हवा परत आली. सिरिंजने कोमट पाणी सोडले तर तेही नळीत तसेच उभे राहिले. वीस मिनिटे ते भिजू दिले आणि सिरिंजचा दट्ट्या पुढे-मागे केला, तेव्हा टबमध्ये आधी बुडबुडे आले आणि मग साबुदाण्याच्या खिरीसारखा राखाडी, बुळबुळीत गोळा बाहेर पडला. त्यात पावडरचे न विरघळलेले कण होते, कपड्यांचे तंतू होते आणि सॉफ्टनरचा मेणासारखा थर होता. काकू म्हणाल्या, "अहो, एवढंसं हे, आणि एवढं मोठं यंत्र अडवून बसलं होतं!"

थंडीत हा दोष वाढतो हे मी दरवर्षी पाहतो. गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही आणि जड कण तळाशी, नेमके कप्प्याच्या तोंडाशी साचतात. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत त्यात क्षारांची भर पडते. आपल्या बेसाल्टच्या खडकातून येणाऱ्या बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बऱ्याचदा जास्त असते, आणि ते साबणाशी मिळून पांढरी साय धरते. गंगापूर धरणाचे नळाचे पाणी वापरणाऱ्या घरांत हा पांढरा थर मला तुलनेने कमी सापडतो. द्राक्षबागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. ठिबकच्या नळ्या क्षारांनी तुंबल्या की आम्लाचे पाणी सोडून धुवाव्या लागतात, तसेच हे आहे.

धुण्याची पद्धत अशी. टब पूर्ण रिकामा करावा. नळी सेन्सरपासून सोडवलेलीच असली पाहिजे; सेन्सर जोडलेला ठेवून फुंकर मारली किंवा पाणी सोडले तर आतला पडदा फाटू शकतो, आणि मग चांगला असलेला सेन्सरही बदलावा लागतो. सिरिंजने नळीतून खाली साधारण ५० ते ६० अंश तापमानाचे, म्हणजे हाताला चटका बसेल इतके गरम पाणी सोडावे. उकळते पाणी टाळावे, त्याने प्लास्टिकचे जोड वाकडे होतात. पाणी उतरत नसेल तर पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यावे आणि सिरिंजने आलटून पालटून ढकलावे व ओढावे. तार किंवा विणकामाची सुई घालू नये. कप्प्याची भिंत फुटली तर संपूर्ण टब बदलावा लागू शकतो. गोळा निघाल्यावर पांढरा क्षार उरला असेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्व विरघळवून ते नळीतून सोडावे, अर्धा तास ठेवावे आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे. संडास साफ करण्याचे ॲसिड या कामासाठी कधीही वापरू नये, त्याने रबर आणि ड्रमचा धातू दोन्ही खराब होतात.

शेवटी नळीत कोरडी फुंकर मारून सगळे पाणी खाली टबमध्ये उतरवावे. आत राहिलेला एकच थेंब नळीत बुचासारखा बसून पुन्हा तोच कोड आणू शकतो, आणि माणूस समजतो की धुण्याचा उपयोग झाला नाही.

बादलीची चाचणी

नळी आणि कप्पा साफ असूनही दोष राहिला, तर सेन्सरची परीक्षा घ्यावी. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. सेन्सर काढावा आणि त्याच्या तोंडाला मीटरभर लांबीची पारदर्शक नळी घट्ट बसवावी. बादलीत किमान २५ सेंटिमीटर पाणी घ्यावे. नळीचे मोकळे टोक सरळ खाली बुडवत २० सेंटिमीटर खोल न्यावे आणि तसेच धरून ठेवावे. आता सेन्सरवर जवळजवळ तेवढ्याच पाण्याचा दाब आहे. नळीच्या आत पाणी दोन-तीन सेंटिमीटर चढेल, कारण हवा किंचित दाबली जाते. तिथे पेनने खूण करावी. पाच मिनिटे थांबावे. पाणी खुणेवर स्थिर राहिले तर सेन्सरचा पडदा शाबूत आहे. ते सावकाश वर चढून बादलीतल्या पातळीकडे जाऊ लागले तर हवा पडद्यातून निसटत आहे, आणि असा सेन्सर बदलण्यावाचून इलाज नाही. जोडावरून हवा जात नाही याची आधी खात्री करावी, नाहीतर निष्कर्ष चुकतो.

जुना टक् आवाजाचा प्रेशर स्विच असेल तर याच वेळी त्याचे काम ऐकू येते: नळी बुडवताना एकदा टक्, वर काढताना पुन्हा टक्. अशा अनेक स्विचवर ११, १२ आणि १४ असे आकडे छापलेले असतात. रिकाम्या स्थितीत मल्टिमीटरवर ११ आणि १२ जोडलेले दिसले पाहिजेत, आणि दाब आल्यावर ११ आणि १४. आवाज येतो पण मल्टिमीटर काहीच दाखवत नाही, तर आतले संपर्क जळलेले आहेत.

विजेची बाजू

इलेक्ट्रॉनिक सेन्सरचा प्लग काढून आधी पिना पाहाव्यात. पावसाळ्याचे चार महिने बाल्कनीत उभ्या असलेल्या यंत्रांत पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर येतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून प्लग चार-पाच वेळा घालावा आणि काढावा. कित्येकदा एवढ्यानेच काम होते. वायर प्लगच्या मुळाशी तुटलेली असली तरी वरून अखंड दिसते, म्हणून प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहावी.

नंतर मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या कॉइलचा रोध मोजावा. तीन पिनांच्या सेन्सरमध्ये कॉइल बहुधा कडेच्या दोन पिनांमध्ये असते. मी मोजलेल्या बहुतेक चांगल्या सेन्सरमध्ये हा आकडा २० ते २५ ओहमच्या दरम्यान आला आहे. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस शीटवर असेल तर तोच प्रमाण मानावा. मल्टिमीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली आहे. सेन्सरच्या प्लगपासून बोर्डाच्या प्लगपर्यंतची प्रत्येक वायरही अशीच, यंत्राचा प्लग भिंतीवरच्या सॉकेटमधून काढलेला असतानाच, मोजावी.

यंत्र चालू ठेवून बोर्डावर व्होल्ट किंवा वारंवारता मोजण्याचा मोह घरच्या माणसाने टाळावा. अनेक वॉशिंग मशीनच्या बोर्डांचा पाच व्होल्टचा पुरवठा मुख्य विजेपासून वेगळा केलेला नसतो. आकडा पाच व्होल्टचा दिसला तरी त्या वायरला हात लागला तर धक्का २३० व्होल्टचा बसू शकतो, आणि खाली ओली फरशी असते. ते काम जाणकारावर सोपवावे. नळी, कप्पा, सेन्सर आणि वायर चारही निर्दोष ठरल्यावरच बोर्डाचा विचार करावा, आणि कारागिराने बोर्ड सुचवला तर या चार गोष्टी त्याने कशा तपासल्या ते नम्रपणे पण स्पष्ट विचारावे.

नवा सेन्सर घेताना जुना सोबत न्यावा आणि त्यावरचा भाग क्रमांक जुळवावा. डबी, प्लग आणि पिना तंतोतंत सारख्या दिसणारे दोन सेन्सर वेगळ्या दाबासाठी बनवलेले असू शकतात. चुकीचा बसला तर कोड येत नाही, पण पाणी कायम कमी किंवा कायम जास्त भरते. सेन्सरवर एखादा स्क्रू रंगाने किंवा लाखेने बंद केलेला दिसला तर तो फिरवू नये. ती कारखान्यात ठरवलेली मोजपट्टी आहे.

जोडणी आणि शेवटची परीक्षा

नळी सेन्सरला परत जोडताना टबमध्ये थेंबभरही पाणी असता कामा नये. पाणी असताना नळी जोडली तर कप्प्यातली काही हवा आधीच निसटलेली असते, सेन्सर त्या स्थितीला शून्य मानतो आणि तेवढे पाणी त्याला पुढे दिसत नाही. बरेच लोक सगळे नीट करून इथे चुकतात. क्लिप जागेवर आणावी, नळी फोटोत होती त्याच मार्गाने क्लिपांत अडकवावी आणि पत्र्याला घासत होती त्या जागी फोमचा तुकडा किंवा जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळावी. मगच झाकण लावावे.

पहिली फेरी कपड्यांशिवाय, सर्वांत कमी पातळीवर चालवावी आणि त्या वेळी यंत्रापाशी उभे राहावे. पाणी ठरलेल्या पातळीला थांबले की पॉज करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावे; यंत्राने लगेच आणखी पाणी मागू नये. मग सर्वांत जास्त पातळी निवडून पाहावे: दोन्ही पातळ्यांत टबमध्ये स्पष्ट फरक दिसला पाहिजे. शेवटी निचरा आणि पिळणे पूर्ण होऊ द्यावे. पाणी संपल्यावर पिळणे अडखळले नाही, आणि फ्रंट लोडचा दरवाजा एक-दोन मिनिटांत उघडला, तर नळीतला दाब उतरतो आहे हेही सिद्ध झाले. हीच परीक्षा दुसऱ्या दिवशी कपडे घालून एकदा करावी, कारण थरथरीने सुटणारा जोड कपड्यांशिवायच्या फेरीत कळत नाही.

काकूंच्या यंत्राची ही परीक्षा झाल्यावर मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. हिवाळ्यात पावडर आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवून घालावी किंवा द्रव साबण वापरावा, आणि महिन्यातून एकदा टब क्लीनची फेरी गरम पाण्याने चालवावी. मार्चमध्ये मी त्यांच्याकडे दुसऱ्या कामासाठी गेलो, तेव्हा वॉशिंग मशीनची नळीही सोडवून पाहिली. फुंकर सरळ टबमध्ये उतरली.